हातचा

जानेवारीत मी रात्रपाळीच्या दोन बायका कमी केल्या.
तिघींपैकी एक ठेवली, लामारा.
साबण निम्म्यावर आणला, हातमोजे मोजून द्यायला लावले,
आणि संचालकांनी पाठीवर थाप मारली.
कुताइसीच्या या इस्पितळाला, म्हणाले,
तुझ्यासारखाच हिशेबनीस हवा होता.
घरी जाताना रिओनीच्या पुलावर थांबलो.
नदीसुद्धा मापून, थोडी कमी करून दिली असती,
इतका खूश.

मार्चमध्ये आकडे सुजले.
आधी कापूस, मग गॉझ,
मग ती महागडी इंजेक्शनं, जी वर्षातून दोनदा मागवायचो.
खाटा रिकाम्या होईनात, नवे पेशंट जिन्यात बसून.
बेरीज मी तीनदा केली. बेरीज बरोबर होती.
चूक बेरजेच्या बाहेर होती, दुसऱ्या मजल्यावर,
सात नंबरच्या खाटेवर पालथी झोपलेली.

ओतिया, चियातुराच्या खाणीतला माणूस,
खुब्याचं हाड मोडून आलेला. नऊ दिवसांचं काम.
त्याचा एकावन्नावा दिवस चालू होता.
हाड शहाण्यासारखं सांधत होतं,
पण माकडहाडापाशी एक खड्डा,
माझी मूठ मावेल एवढा.
लामारानं पट्टी उचलून दाखवली. बोलली काहीच नाही.
वासच बोलला.

मग ती माझ्या खोलीत आली, बूट न पुसता,
आणि वह्यांवर स्वयंपाकघरातलं घड्याळ ठेवलं,
टोमॅटोच्या आकाराचं, पिळलं की टिकटिकणारं.
"दर दोन तासांनी कूस बदलायची असते.
एकटीनं होत नाही.
आज रात्री तू ये."

गेलो. बावीस माणसं.
ती म्हणायची "हं", मी चादरीचं टोक ओढायचो.
झोपलेला माणूस किती जड असतो
हे कुठलाच वजनकाटा सांगत नाही.
शेवटची खाट होईतो पहिलीची वेळ भरत आलेली.
पहाटे चारला तिनं मक्याची गार भाकरी मोडून दिली,
वर आलुबुखाराची आंबट चटणी,
आणि विचारलं,
"शाळेत हातचा घ्यायला शिकवलं नव्हतं का रे?
एकं मांडलंस. हातचा विसरलास."

एप्रिलपासून पुन्हा तिघी. साबण पूर्ण.
संचालक कुरकुरले, पण सही केली.
ऑक्टोबरपर्यंत गॉझचा आकडा खाली बसला
आच काढलेल्या दुधासारखा,
आणि खर्च जानेवारीच्याही खाली.
पुन्हा पाठीवर थाप. या वेळी ती टोचली.

कारण वहीत रकाना नाही
न झालेल्या जखमांसाठी.
कोणी येऊन म्हणत नाही,
आभारी आहे, माझी पाठ शाबूत आहे.
शाबूत पाठीवर माणसं सदरा चढवतात
आणि बस गाठायला निघून जातात.

आणि एक गोष्ट मी संचालकांना सांगितलेली नाही.

त्सिउरीबाई, अकरा नंबर. पोटात गाठ, न हटणारी.
सदतीस दिवस, दिवसातून बारा वेळा
तिची कूस बदलली.
त्यात काही वाचलं नाही.
लारी सोडाच, एक तेत्रीही नाही.
ती जाणार होती, गेली.
शेवटच्या रात्री टोमॅटो वाजला,
लामारा म्हणाली "हं",
आणि मी, जो आता मंगळवारी आपणहून जातो,
चादरीचं टोक धरलं.
पाठ अगदी कोरी होती.
तिला खिडकीकडे वळवलं,
तिकडे दिवे होते, बेकरीचे.

चारशे चव्वेचाळीस वेळा.
बचतीत बसत नाहीत, खर्चात लिहायला मन घेत नाही.
वर्षअखेरीचा हिशेब गेलाय संचालकांकडे,
ताळा जुळलाय.
हे मी अजून मांडलेले नाहीत.
हातचे ठेवलेत.